चाचणी अचूक, पण कोणासाठी?

‘ही चाचणी 97 टक्के अचूक आहे’ असे वाक्य वाचले की आपले समाधान होते. माझे म्हणणे असे की, तेथेच थांबून विचारले पाहिजे : 97 टक्के, पण कशाचे? प्रयोगशाळेत व्हर्निअर कॅलिपर हाती घेतल्यावर तुम्ही आधी त्याची शून्यत्रुटी पाहता. मग ज्या मापावर एखाद्या माणसाचे औषधपाणी ठरते, त्याची त्रुटी नको का पाहायला?

काळा आजाराचे उदाहरण घेऊ. लेश्मानिया डोनोव्हानी हा एकपेशीय परजीवी तो घडवतो. वालुमक्षिका या बारीक माशीच्या चाव्यातून तो शरीरात शिरतो. बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल आणि पूर्व उत्तर प्रदेश हे आपल्याकडील त्याचे प्रदेश. ताप हटत नाही, प्लीहा म्हणजे पाणथरी वाढते आणि उपचार न झाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. खात्रीचे निदान करायचे तर प्लीहेत सुई घालून द्रव काढावा लागतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी शोधावा लागतो. यात रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून आरके 39 ही पट्टी वापरतात. बोटातील रक्ताचा एक थेंब घ्यायचा. परजीवीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे त्यात असली, तर काही मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते.

आता या पट्टीची परीक्षा घेऊ. आजार असलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर ओळखते, ती तिची संवेदनशीलता. आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ती बरोबर वगळते, ती तिची विशिष्टता. भारतीय उपखंडात संवेदनशीलता सुमारे 97 टक्के, तर विशिष्टता सुमारे 90 टक्के आढळली आहे. पूर्व आफ्रिकेत मात्र संवेदनशीलता 85 टक्क्यांच्या आसपास येते, कारण तेथील रुग्णांच्या रक्तात ही प्रतिपिंडे कमी असतात. म्हणजे एकट्या पट्टीची अशी अचूकता नसतेच!

पुढचे गणित वहीत करून पाहा. समजा, दीर्घकाळ ताप आणि वाढलेली पाणथरी असलेले 1000 लोक आहेत आणि त्यांपैकी 400 जणांना खरोखर काळा आजार आहे. पट्टी 388 जणांना पकडील आणि 12 जणांना सोडून देईल. उरलेल्या 600 पैकी 60 जणांवर उगाच शिक्का बसेल. रेघ उमटलेले एकूण 448; त्यांतले 388, म्हणजे सुमारे 87 टक्के, खरे रुग्ण.

हीच पट्टी घरोघर जाऊन सरसकट 1000 लोकांना लावली आणि त्यांच्यात रुग्ण फक्त 10 असले तर? ते दहाही सापडतील असे धरू. पण 990 पैकी 99 जणांवरही रेघ उमटेल. एकूण 109 पैकी खरे 10, म्हणजे अकरांत एक! पट्टी तीच, टक्केवारी तीच. बदलली ती माणसे. म्हणूनच दोन आठवड्यांहून अधिक ताप आणि वाढलेली पाणथरी पाहून मगच ही पट्टी वापरावी, असा नियम आहे.

1992 साली भारतात या रोगाचे 77 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले होते; 2023 साली ते हजाराच्याही आत आले. ही आनंदाचीच गोष्ट. पण रोग जसजसा विरळ होतो, तसतसे खोट्या रेघांचे प्रमाण वाढते, हे वरील गणित सांगते. शिवाय प्रतिपिंडे बरे झाल्यावरही कित्येक वर्षे रक्तात राहतात. अशा माणसाला पुन्हा ताप आला, तर रेघ उमटेलच. पण ताप कदाचित क्षयाचा असेल. चुकीचे औषध मिळेल आणि खरा रोग वाढत राहील.

आणखी एक गोम आहे. पट्टीची तुलना ज्या सुईच्या तपासणीशी करतात, तीही काही रुग्णांना चुकवते. तेथे पट्टी बरोबर असूनही चूक ठरते. मोजपट्टीच आखूड असली, तर कापडाला दोष का द्यायचा?

याचा अर्थ चाचण्या निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. ज्या खेड्यात सूक्ष्मदर्शकही नाही, तेथे या पट्टीने कितीतरी प्राण वाचवले आहेत. माझा आग्रह एवढाच की, चाचणीचे उत्तर हा निकाल नसून पुरावा आहे. तो रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावा. शिक्षकांनाही विनंती : शेकडेवारी शिकवताना नफा-तोट्याच्या उदाहरणांबरोबर असे एखादे उदाहरण फळ्यावर जरूर मांडा. नफा-तोट्याचा हिशेब चुकला तर पैसे जातात. हा हिशेब चुकला तर माणूस जाऊ शकतो.