एकाच राज्यांतील दोन विद्यापीठें

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका आप्ताची कन्या टेनिस उत्तम खेळते. तिला एकाच राज्यांतील दोन सरकारी विद्यापीठांकडून बोलावणें आलें असून, कोणतें पत्करावें याविषयीं घरांत दोन तट पडले आहेत. तरी या प्रश्नाचा ऊहापोह करावा, असें एका वाचकभगिनीनें आम्हांस लिहिलें आहे. विद्यापीठानें विद्यार्थ्याच्या दारीं जावें, ही रीत आपल्या परिचयाची नाहीं. आपल्याकडे विद्यार्थीच अर्ज घेऊन खिडकीपाशीं तिष्ठत असतो. तिकडे मात्र निष्णात खेळाडूची गोष्ट उपवर कन्येसारखी आहे. स्थळें चालून येतात. प्रशिक्षक घरीं येऊन आईबापांशीं गोड बोलतात आणि मुलास पाहुणा म्हणून नेऊन त्याच्या राहण्याजेवण्याचा खर्चही सोसतात. अशा वेळीं वधूपक्षानें जेवढें सावध असावें, तेवढेंच येथेंही असावें.

एका राज्यांत दोन सरकारी विद्यापीठें कां, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. बहुधा त्यांतील एक जुनें असून कायदा, वैद्यक व वाङ्मय यांकडे झुकलेलें असतें. दुसरें शेतकी व यंत्रविद्या शिकविण्यासाठीं निघालेलें असतें. १८६२ सालीं अध्यक्ष लिंकन यांनीं ज्या मॉरिल कायद्यावर सही केली, त्यान्वयें अशा शिक्षणासाठीं राज्यांस सरकारी जमिनी मिळाल्या. मिशिगन राज्यांत १८१७ चें मिशिगन विद्यापीठ आणि १८५५ चें शेतकी कॉलेज, म्हणजे आजचें मिशिगन स्टेट, अशी जोडी आहे. आतां दोन्हीकडे बहुतेक सर्व विषय शिकवितात. पण ‘वकीलसाहेबांचें’ आणि ‘शेतकऱ्यांचें’ ही जुनी तेढ खेळाच्या मैदानावर अद्याप जिवंत आहे.

तिचा कळस अलाबामा राज्यांत पाहावा. टस्कलूसा येथील विद्यापीठ १८३१ सालीं उघडलें. ऑबर्न येथील कॉलेज १८५६ चें, पुढें १८७२ सालीं शेतकी व यंत्रविद्येचें झालेलें. दोघांचा फुटबॉलचा (हा खेळ आपल्या फुटबॉलहून निराळा) पहिला सामना १८९३ त झाला. १९०७ नंतर खेळाडूंचा भत्ता आणि पंचांची निवड अशा क्षुल्लक बाबींवरून जो बेबनाव झाला, तो १९४८ पर्यंत मिटला नाहीं. एकेचाळीस वर्षें अबोला! आपल्या भाऊबंदकीसही लाज वाटावी. आजही तेथें एका घरांत दोन रंगांचे झेंडे लागतात आणि नवराबायको सामन्याच्या दिवशीं निरनिराळ्या बाजूंस बसतात.

अशा वातावरणांत वाढलेल्या मुलानें निवड कशी करावी? बो जॅक्सन याचें उदाहरण बोधप्रद आहे. तो त्याच राज्यांतील गरीब घरचा मुलगा. १९८२ सालीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघानें बेसबॉलसाठीं त्याची निवड केली, तरी घराण्यांतील पहिला कॉलेजविद्यार्थी होण्याचें त्यानें मनावर घेतलें होतें. अलाबामा हें तेव्हां बलाढ्य विद्यापीठ. ऑबर्नला तें नऊ वर्षें सारखें हरवीत आलेलें. पण तिकडील एका प्रशिक्षकानें आपणांस दोन वर्षें तरी खेळावयास मिळणार नाहीं असें सुचविलें, असें पुढें त्यानेंच सांगितलें आहे. तो ऑबर्नला गेला आणि त्याच वर्षीं ऑबर्ननें २३ विरुद्ध २२ असा विजय मिळविला. थोर नांवापेक्षां प्रत्यक्ष मैदानावर उभें राहावयास कोठें मिळेल, हें त्या पोरानें अठराव्या-एकोणिसाव्या वर्षीं ओळखलें.

आमच्या पत्रलेखिकेच्या नातलगकन्येनेंही प्रथम हेंच पाहावें. विद्यापीठांच्या सामन्यांत सहा एकेरी व तीन दुहेरी खेळ होतात. म्हणजे पहिल्या सहांत आपला नंबर केव्हां लागेल, सध्यांच्या मुलींपैकीं कोण यंदां बाहेर पडतात, हें विचारण्यांत संकोच नसावा. २०२१ पासून एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाऊन लगेच खेळण्याची मोकळीक झाली, आणि २०२४ पासून ती कितीही वेळां घेतां येते. याची दुसरी बाजू अशी, कीं प्रशिक्षकही तयार खेळाडू बाहेरून आणतात आणि नवखी मुलगी बांकावर बसून राहते. शिवाय स्थानांतर केलें असतां आधींचे सारे विषय नव्या ठिकाणीं जमेस धरतीलच, असें नाहीं.

पैशाचें प्रकरण अलीकडे फार बदललें आहे. खेळाडूस आपल्या नांवावर जाहिरातींतून मिळकत करण्यास १ जुलै २०२१ पासून परवानगी मिळाली. २०२५ च्या एका न्यायालयीन तडजोडीनें तर विद्यापीठांसच खेळाडूंना थेट पैसे देतां येऊं लागले. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारें दोन कोटी पांच लक्ष डॉलर. त्यांतील मोठा वांटा फुटबॉल व बास्केटबॉलकडे जातो, टेनिसच्या ताटांत शितें पडतात. भारतांतून विद्यार्थी-परवान्यावर गेलेल्यांस तर काम करून कमाई करण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यांनीं या भुलावणीपासून दूरच राहावें. शिष्यवृत्ती एका वर्षाची कीं चार वर्षांची, पाय मोडला तर ती चालू राहील कीं नाहीं, हें कागदावर लिहून घ्यावें. तोंडी वचन देणारा प्रशिक्षक उद्यां दुसऱ्या विद्यापीठांत जातो आणि वचन त्याच्याबरोबर जातें.

आतां अभ्यास. सरावास आठवड्यास वीस तासांची मर्यादा नियमानें घातलेली आहे, पण प्रवासाचे तास तींत धरीत नाहींत. मुलीस रसायन किंवा यंत्रशास्त्र शिकावयाचें असेल, तर दुपारच्या प्रयोगशाळेची वेळ आणि सरावाची वेळ यांचा मेळ कसा घालतात, हें प्रशिक्षकास न विचारतां त्या विषयाच्या अध्यापकास आणि तिसऱ्या वर्षांतील एखाद्या खेळाडू मुलीस विचारावें. खेळाडूंपैकीं दोन टक्केही पुढें धंदेवाईक होत नाहींत. बो जॅक्सन झाला. बेसबॉल व फुटबॉल अशा दोन्ही खेळांत नांवाजला. परंतु त्याची पदवी अपुरी राहिली होती. आईस दिलेलें वचन त्यानें १९९५ सालीं, तिच्या मृत्यूनंतर, ऑबर्नचीच पदवी घेऊन पुरें केलें.