मुक्ति कीं आक्रमण?

जुन्नर तालुक्यांत, नारायणगांवाजवळ आर्वी येथें, १९७१-७२ च्या सुमारास उपग्रहाच्या द्वारें परदेशांशीं दळणवळण करणारें केंद्र सुरू झालें आणि सातासमुद्रांपलीकडचें वर्तमान क्षणांत आपल्या शिवारांत उतरूं लागलें. परंतु वर्तमान लवकर पोंचलें म्हणजे तें खरें पोंचलें, असें मात्र नव्हे.

१८ डिसेंबर १९६१ रोजीं भारतीय सैन्य गोव्यांत शिरलें. मराठी घरांनीं या कृतीला 'मुक्ति' म्हटलें. कारण १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रह्यांवर झालेल्या गोळीबाराची हकीकत त्यांनीं आपल्या पत्रांतून वाचलेली होती. सुरक्षा समितींत मात्र सैन्य मागें घेण्याच्या ठरावास सात मतें पडलीं, विरुद्ध चार. रशियाच्या नकाराधिकारानेंच तो ठराव बारगळला. कृति एक, नांवें दोन! आमचा शब्द खरा होता, असें आम्ही आजहि मानतों. परंतु ज्या घरीं १९५५ ची हकीकत कधीं गेलीच नाहीं, तेथें दुसरा शब्द खरा वाटला तर नवल कसलें?

याच्या उलट प्रकार पाहा. ऑक्टोबर १९९० मध्यें एका पंधरा वर्षांच्या मुलीनें अमेरिकेंत साश्रु नयनांनीं सांगितलें कीं, इराकी सैनिकांनीं कुवेतच्या इस्पितळांत अर्भकांना उबदार पेट्यांतून काढून जमिनीवर टाकलें. लोकमत पेटलें. ती मुलगी कुवेतच्या राजदूताची कन्या असून एका प्रसिद्धिसंस्थेनें तिची साक्ष घडवून आणली होती, हें १९९२ सालीं उघड झालें. त्या हकीकतीस पुरावाहि मिळाला नाहीं. तोंपर्यंत युद्ध संपलें होतें. पुढें २००३ सालीं इराकांतील संहारक अस्त्रांची हाकाटी झाली. अस्त्रें सांपडलीं नाहींत. न्यूयॉर्क टाइम्सनें २००४ च्या मे महिन्यांत आपली छाननी अपुरी पडल्याचें कबूल केलें.

हें सारें दूरचें वाटतें काय? त्याच इराकांत भारतीय सैन्य पाठविण्याचा प्रश्न आला होता. १४ जुलै २००३ रोजीं सरकारनें नकार दिला. होकार दिला असता, तर घोडेगांव-मंचरच्या एखाद्या घरांतील मुलगाहि तेथें गेला असता.

म्हणून एकत्र कुटुंबांत युद्धाची वार्ता मोठ्यानें वाचली जाईल, तेव्हां वडीलधाऱ्यांनीं मुलांकडून तीन प्रश्न विचारून घ्यावेत: हें प्रत्यक्ष कोणीं पाहिलें? या कृतीला हें नांव कोणीं दिलें? आणि हिची किंमत कोणाच्या घरीं मोजली जाणार? उत्तर मिळेपर्यंत जयजयकार थांबविला, तर देशभक्ति उणावत नाहीं; उलट ती डोळस होते.