कॉम्प्युटरलाही पाटी लावा

दुकानात 'उधारी बंद'ची पाटी आपण सगळेच लावतो. बिलिंगच्या कॉम्प्युटरला मात्र पाटी नसते.

माझ्या जवळा बाजारच्या दुकानात लिनक्स आहे. एकदा कामावरच्या पोराने सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी उघडून बघितली. रागावलो, तर म्हणाला, "बघू नको असं कुठं लिहिलंय?" खरंच, कुठंच नव्हतं!

त्याच रात्री इटीसी फोल्डरमधल्या 'इश्यू' फाईलमध्ये लिहिलं: फक्त परवानगी असलेल्यांसाठी, लॉगिनची नोंद राहते. काळ्या स्क्रीनवर हे पासवर्डच्या आधी दिसतं. तिथं देवनागरी नीट उमटत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरं वापरा. लॉगिननंतरच्या सूचना 'एमओटीडी' फाईलमध्ये टाका. घरून एसएसएचने लॉगिन होत असेल, तर एसएसएचडीच्या कॉन्फिग फाईलमध्ये 'बॅनर'पुढे संदेशाच्या फाईलचा पत्ता द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा.

'वेलकम' लिहू नका. सिस्टिमचं नाव-व्हर्जनही काढा. चोराला कुलपाची कंपनी कशाला सांगायची?

आयटी कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर उघडणं बसतं. पाटी असली की "माहीत नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही.

पण पाटी म्हणजे कुलूप नव्हे. प्रत्येकाचा युजर आणि पासवर्ड वेगळाच ठेवा. गिऱ्हाइकाने विश्वासाने लिहून दिलेली उधारी आहे ती!