‘फक्त संशोधनासाठी’ म्हणजे काहीही खपवायचं?

हिस्टोनच्या अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीच्या भारतातील व्यवस्थापकांस,



डायल्यूशन बदलून झालं, ब्लॉकिंग बदलून झालं, सेकंडरीही नवी आणली. आता कृपया तुम्ही तुमचं छापील उत्तर बदला.

तुमच्या कॅटलॉगप्रमाणे तुमच्याकडून घेतलेली ही अँटिबॉडी हिस्टोन एच३ मधल्या दहाव्या सेरीनवर फॉस्फेट असेल तरच चिकटते. पेशीविभाजनात गुणसूत्रं घट्ट होताना हे फॉस्फेट भरपूर चढतं. म्हणजे स्लाइडवर विभाजनातल्या मोजक्याच पेशी उजळायला हव्यात. आमच्या झाडून सगळ्या उजळल्या, सायटोप्लाझमसकट! ब्लॉटवर पट्टा १७ किलोडाल्टनच्या आसपास हवा. आमचा ठसठशीत पट्टा ५० च्या वर. नोकोडाझोल देऊन विभाजनात अडवलेल्या आणि न अडवलेल्या पेशींच्या लेनमध्ये तो सारखाच. जुन्या लॉटला हा त्रास नव्हता. ससा बदलला की पॉलिक्लोनल बदलते, हे तुम्हाला आम्ही कळवायचं?

तुमचं छापील उत्तर काय, तर ‘हाताळणीतला दोष’ म्हणे. २०११ मध्ये हिस्टोनच्या २०० हून अधिक अँटिबॉडी तपासल्या गेल्या. २५ टक्क्यांहून जास्त नेमकेपणाच्या चाचणीतच नापास. उरलेल्यांतल्या २० टक्क्यांहून जास्त क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये गळाल्या, आणि जनुकांचं नियंत्रण कसं चालतं ते तर तिथंच पाहायचं असतं. २०२३ मध्ये ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ अँटिबॉडींची झडती झाली. दर प्रथिनामागे सरासरी डझनभर शोधनिबंध नापास अँटिबॉडीवर उभे निघाले. इतक्या सगळ्यांची हाताळणी चुकली का, साहेब?

जबाबदारी कशी असते ते बियाण्यात बघा. आमच्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी वाण निघालं. बियाण्याच्या पिशवीवर लॉट नंबर आणि उगवणक्षमता छापावी लागते. उगवलं नाही तर शेतकरी कृषी खात्यात जातो, पंचनामा होतो. तुमच्या १०० मायक्रोलिटरच्या कुपीवर ‘फक्त संशोधनासाठी’ छापलं की जबाबदारी संपली. पाषाणच्या आयसरपासून खारघरच्या ॲक्ट्रेकपर्यंत हिस्टोनवर काम चालतं, तेही बहुतांश सरकारी अनुदानावर. वाया जाणारा पैसा लोकांचा आहे. तुमच्या संकेतस्थळावरचा देखणा ब्लॉट कुठल्या लॉटचा, तेवढंही तुम्ही सांगत नाही. ही फसवणूक नाही तर काय?

याच लॉटची, फॉस्फेट असलेल्या आणि नसलेल्या पेप्टाइडवरची चाचणी दाखवा. दाखवता येत नसेल तर पैसे परत करा, किंवा ज्याचा क्रम जाहीर आहे असा रिकॉम्बिनंट पर्याय द्या. पत्राची प्रत आमच्या खरेदी विभागाला दिली आहे.

आणि ‘अँटिबॉडी कशी निवडावी’ या वेबिनारचं आमंत्रण पुन्हा पाठवू नये, ही नम्र विनंती.

एक संशोधन सहायक,
वडगाव मावळ