मुंतखबात लिहिले आहे ते नीट वाचा



मंदिराचा वहिवाटदार वारला की पुढे काय होते, हे मराठवाड्यातल्या गावांना सांगावे लागत नाही. दोन चुलत घरे धर्मादाय कार्यालयात दोन वेगळे फेरफार अहवाल दाखल करतात. एक म्हणते थोरल्या शाखेचा हक्क, दुसरे म्हणते प्रत्यक्ष सेवा आमच्या शाखेने केली. पाळी कुणाची, दानपेटीची किल्ली कुणाकडे, देवाची जमीन बटईने कुणी द्यायची, यावर वर्षानुवर्षे तारखा पडतात. खालच्या निकालावर अपील होते, वादी-प्रतिवादी म्हातारे होतात, मग त्यांची मुले त्यांच्या जागी उभी राहतात. या साऱ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही, कारण तो दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे: जो हक्क वाटून घेण्यासाठी हे भांडण चालले आहे, तो मुळात वाटून घेण्यासारखा आहे का? सेलू शहरातील व तालुक्यातील भाविकांसाठीचे हे पत्रक कोणत्याही एका देवस्थानाविरुद्ध किंवा घराण्याविरुद्ध नाही. ते याच एका प्रश्नासाठी काढले आहे.

दोन्ही बाजू पुरावा म्हणून जुने कागद पुढे करतात, तेव्हा कागदांपासूनच सुरुवात करू. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मंदिराच्या पूजेसाठी, दिवाबत्तीसाठी, नैवेद्यासाठी त्या काळी दिलेल्या जमिनींना खिदमतमाश म्हणत. खिदमत म्हणजे सेवा आणि माश म्हणजे पोटापाण्याची सोय. मुंतखबात, म्हणजे इनामाच्या सरकारी दाखल्यात, नाव घराण्यातल्या माणसाचे असते हे खरे, पण ते सेवेकरी म्हणून. तो गेला की विरासत, म्हणजे वारसाची नोंद, मंजूर करून घ्यावी लागे आणि पुढच्याच्या माथी तीच सेवा येई. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याखाली झालेल्या विरासतीही त्याच वळणाच्या आहेत. मग हैदराबाद राज्याचा इनामे नाहीशी करणारा १९५४ चा कायदा आला. त्यात खासगी इनामे गेली, पण धार्मिक संस्थांसाठी असलेली इनामे कायद्यातून वगळली गेली. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ती जमीन घराण्याची असती, तर घराण्याच्या इतर इनामांबरोबर तीही गेली असती. आज तिच्यावर वारसा सांगता येतो, कारण ती देवाची म्हणून वाचली. देवाच्या नावाने वाचलेली जमीन घराण्याच्या नावाने मागणे हे त्या कागदालाच धरून नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केले. मंदिराच्या जमिनीचा मालक देव आहे, पुजारी हा त्याच्या वतीने व्यवस्था पाहणारा आहे, आणि महसुली नोंदीत मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याची गरज नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर काय लिहिले आहे, ते प्रत्येक गावाने एकदा तलाठ्याकडे जाऊन पाहावे.

यावर पहिला आक्षेप येतो तो नोंदीचा. ‘आमच्या मंदिराच्या परिशिष्ट एकमध्ये, म्हणजे धर्मादाय कार्यालयातील नोंदणीच्या उताऱ्यात, विश्वस्तपदाची पद्धत वंशपरंपरागत अशी लिहिलेली आहे, ती सरकारी नोंद आहे.’ नोंद आहे, आणि कायद्याने तिला वजनही आहे. पण नोंदणीचा अर्ज करण्याचे काम विश्वस्ताचेच असते. ज्याच्या ताब्यात मंदिर होते, त्याने अर्ज भरला, आणि त्याने सांगितलेली पद्धत हरकत न आल्यास रकान्यात बसली. अशी नोंद कायमची कोरली जात नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ५०-अ प्रमाणे हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती अर्ज करू शकतात, आणि धर्मादाय आयुक्त विश्वस्तांचे म्हणणे ऐकून संस्थेसाठी योजना ठरवू शकतात. त्यात विश्वस्त कसे नेमायचे, हेही येते. मंदिरात दर्शनाला येणारा माणूस कायद्याच्या भाषेत हितसंबंधी आहे.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली अंगूरबाला मलिक खटल्यात म्हटले की शेबाइतपण, म्हणजे देवाच्या व्यवस्थापकाचे पद, हे पद असले तरी त्यात मालमत्तेचाही अंश आहे. वकील मंडळी हा निकाल हमखास दाखवतात. तो पूर्ण वाचावा. त्यात पदाचा हक्क मागत होती एक विधवा, आणि न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आपल्याकडे मात्र फेरफार अहवालात मुलगे आणि पुतणे यांचीच नावे येतात, लेकी-सुना क्वचित दिसतात. मालमत्ता म्हणायचे तर वारसा कायदा सगळा लागू करा. सेवा म्हणायची तर हिशोब द्या. सोयीप्रमाणे एकदा हे आणि एकदा ते म्हणणे न्यायाचे नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिराचाही दाखला दिला जातो. १३ जुलै २०२० रोजी न्यायालयाने त्रावणकोर राजघराण्याचा शेबाइतपणाचा हक्क मान्य केला. पण कारभार गेला तो जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे, आणि अशी समिती घराण्यानेच सुचवली होती. पुढच्या वर्षी मंदिराच्या न्यासाने पंचवीस वर्षांच्या हिशेबतपासणीतून सूट मागितली, तीही मिळाली नाही. राजघराण्याला हिशोब चुकला नाही, तर वतनदारांना कसा चुकेल?

तेव्हा शेजारी असलेल्या राज्याचे उदाहरण याहून जवळचे आहे. आंध्र प्रदेशच्या १९८७ च्या कायद्याने वंशपरंपरागत विश्वस्तपद रद्द केले, तेव्हा पन्नालाल बन्सीलाल पित्ती यांनी त्याला आव्हान दिले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द करणे वैध ठरवले, पण संस्था स्थापन करणाऱ्याला किंवा त्याच्या घराण्यातील व्यक्तीला मंडळाच्या अध्यक्षपदाचा मान ठेवला. आम्हांला हा निकाल योग्य वाटतो. ज्यांच्या पूर्वजांनी देऊळ बांधले, दुष्काळातही दिवा विझू दिला नाही, त्यांना बाहेर काढावे असे कुणाच्याही मनात येऊ नये. त्यांची जागा मानाने राहावी. फक्त बाकीच्या खुर्च्या गावातल्या भाविकांना खुल्या असाव्यात, त्यांत बाया असाव्यात, सर्व जातींची माणसे असावीत. गुरवांच्या आणि पुजाऱ्यांच्या पूजेचा प्रश्न वेगळा आहे. त्याला येथे हात घातलेला नाही.

‘मग सरकार घुसेल’ ही भीती खरी आहे आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. शिर्डीच्या सरकारनियुक्त विश्वस्त मंडळाची नेमणूक सप्टेंबर २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठानेच रद्द केली. पण सरकार कोणत्या दाराने आत येते, हे पंढरपुरावरून कळते. तेथे देवापुढे येणाऱ्या उत्पन्नाचा बडव्यांमध्ये, म्हणजे वंशपरंपरागत पुजाऱ्यांमध्ये, लिलाव होई आणि बोली जिंकणारा ते उत्पन्न घेई. तक्रारी वाढल्या, नाडकर्णी आयोग बसला, आणि १९७३ च्या कायद्याने बडवे, उत्पात आणि सेवाधाऱ्यांचे वंशपरंपरागत हक्क गेले. ते वाचवण्याची लढाई सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये संपली. कायदा येण्याआधीच हिशोब आणि भाविकांचा वाटा मान्य केला असता, तर त्या घराण्यांना अधिक मान उरला असता, आणि मंदिरही सरकारी समितीकडे गेले नसते. आपल्या छोट्या देवळांसाठी वेगळा कायदा होणार नाही. तेथे दोन चुलत घरांच्या दाव्यात देव बेवारस राहील, एवढेच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या मंदिरात आपण जाता, त्याच्या परिशिष्ट एकचा उतारा परभणीच्या धर्मादाय कार्यालयातून काढा. त्यातले विश्वस्त हयात आहेत का, बदल झाल्यावर नव्वद दिवसांत फेरफार अहवाल गेला का, मागील वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल दाखल आहेत का, ते तपासा. दावा चालू असेल तर त्यात पक्षकार होण्यासाठी अर्ज करा, म्हणजे देवाच्या बाजूने बोलणारे कुणीतरी असेल. योजनेच्या अर्जाला दोन सह्या पुरतात. उताऱ्यासाठी संस्थेचा नोंदणी क्रमांक लागतो. तो बहुधा देणगीच्या पावतीवर छापलेला असतो.