ठोके थांबेपर्यंत वाट पाहणारा कायदा

आयर्लंडच्या राज्यघटनेत आठवी दुरुस्ती करण्यासाठी ७ सप्टेंबर १९८३ रोजी सार्वमत झाले. आईला जेवढा जगण्याचा हक्क, तेवढाच तिच्या पोटातल्या गर्भालाही, असे या दुरुस्तीने ठरवले. गर्भपात तिथे १८६१ च्या ब्रिटिश कायद्यानुसार आधीपासूनच गुन्हा होता. पुढेमागे एखाद्या संसदेने किंवा न्यायालयाने तो कायदा सैल करू नये, म्हणून ही तटबंदी उभारली गेली आणि दोन तृतीयांश मतदारांनी तिला कौल दिला. दोन जीव समान, हे कानाला न्याय्य वाटते. परंतु गर्भ वाचणारच नाही आणि आईचा जीव मात्र वाचवता येईल, अशा वेळी या समानतेचा अर्थ एकच उरतो: आई पुरेशी मरणासन्न झाली आहे, हे सिद्ध होईपर्यंत डॉक्टरने हात बांधून उभे राहायचे.

ही दुरुस्ती आकाशातून पडली नव्हती. शाळा, अनाथालये आणि मोठी इस्पितळे कॅथलिक चर्चच्या हाती असलेल्या देशात १९३५ पासून गर्भनिरोधकांच्या विक्रीवर आणि आयातीवर बंदी होती. २२ मे १९७१ रोजी डब्लिनच्या काही स्त्रिया आगगाडीने सीमेपलीकडच्या, ब्रिटिश अमलातल्या बेलफास्टला गेल्या आणि तिथून गर्भनिरोधके घेऊन उघडपणे परतल्या. गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळेनात, तेव्हा त्यांनी ॲस्पिरिनची पाकिटे विकत घेतली आणि कस्टमच्या अधिकाऱ्यांसमोर तीच गर्भनिरोधक गोळ्या म्हणून नाचवली. अटक कोणालाच झाली नाही. कायद्याचा धाक किती पोकळ आहे, हे भर स्टेशनवर दिसले. तरीही १९७९ च्या कायद्याने निरोध मिळू लागला तो डॉक्टरच्या चिठ्ठीवरच. चिठ्ठीची अट निघायला १९८५ उजाडावे लागले. गर्भ राहू नये याची सोय नाकारायची आणि राहिला तर सुटकेची वाटही बंद करायची, असा हा दुहेरी पेच होता.

१९९२ मध्ये बलात्कारातून गर्भवती झालेल्या १४ वर्षांच्या मुलीला गर्भपातासाठी इंग्लंडला जाण्यास उच्च न्यायालयाने मनाई केली. मुलगी जीव द्यायला निघाली होती. आत्महत्येचा धोका हाही जिवाचाच धोका, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मनाई उठवली. त्याच वर्षी पुन्हा सार्वमत झाले आणि परदेशी जाण्याचे स्वातंत्र्य घटनेत लिहिले गेले. म्हणजे समुद्र ओलांडला की तेच कृत्य निर्दोष. ज्यांच्याकडे विमानाच्या तिकिटाचे, दवाखान्याच्या फीचे पैसे होते आणि रजा मिळू शकत होती, त्यांच्यापुरता कायदा शिथिल झाला; गरीब, आजारी, व्हिसाच्या अटीत अडकलेल्या बाईसाठी तो तसाच राहिला. या ढोंगाला नैतिकता म्हणणे हा नैतिकतेचाच अपमान आहे.

सविता हलप्पनवार ही मूळची बेळगावची ३१ वर्षांची दंतवैद्य गॉलवे शहरात राहत होती. २१ ऑक्टोबर २०१२ रोजी, १७ आठवड्यांची गर्भवती असताना, पाठदुखी घेऊन ती इस्पितळात गेली. गर्भ पडणार हे त्याच दिवशी स्पष्ट झाले होते. त्या रात्रीच पाणी गेले. मूल हाती लागणार नाही, हे स्वीकारून तिने आणि तिच्या नवऱ्याने गर्भ काढून टाकण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू आहेत, तोवर ते करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला सांगण्यात आले. हे शब्द आपण उच्चारल्याची कबुली एका सुईणीने मृत्यूच्या न्यायचौकशीत दिली. ठोके थांबेपर्यंत जंतुसंसर्ग रक्तात भिनला होता. २८ ऑक्टोबरला सविता गेली. भारतातल्या १९७१ च्या कायद्यानुसार १७ आठवड्यांच्या अशा गर्भपाताला दोन डॉक्टरांचे मत पुरेसे होते.

मृत्यूला इस्पितळाची हयगय कारणीभूत होती, कायदा नव्हे, असा बचाव पुढे आला. हयगय झालीच होती. तपासण्या वेळेवर झाल्या नाहीत, हे चौकशी अहवालाने नोंदवले. पण गर्भाचे ठोके थांबेपर्यंत काही करायचे नाही, यावरच सारे लक्ष खिळले होते, हेही त्याच अहवालात आहे. चौकशी समितीचे प्रमुख, प्रसूतितज्ज्ञ सबरत्नम अरुळकुमारन यांनी पुढे संसदीय समितीसमोर डॉक्टरांचे हात कायद्याने बांधले होते, असे स्पष्ट सांगितले. चूक करणारे डॉक्टर सगळीकडे असतात. योग्य निर्णय घेणाऱ्या डॉक्टरलाही तुरुंगाची भीती दाखवणारा कायदा मात्र राज्यकर्ते जाणूनबुजून करतात.

गर्भपातबंदीने गर्भपात थांबतात, हा दुसरा दावा. तो आयर्लंडनेच खोटा पाडला: बंदीच्या अखेरच्या वर्षांतही दरवर्षी तीन हजारांहून अधिक स्त्रिया आयर्लंडचा पत्ता देऊन इंग्लंडमध्ये गर्भपात करून घेत होत्या. जिथे अशी वाट नव्हती, त्या रुमानियात काय घडले हे आणखी भीषण आहे. हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये हुकूम ७७० काढून गर्भपात जवळजवळ पूर्ण बंद केला. स्त्रिया चोरून, घरच्या घरी, मिळेल त्या साधनाने तो करत राहिल्या आणि मरत राहिल्या. अशा मृत्यूंचा अंदाज दहा हजारांच्या आसपास जातो. १९८९ मध्ये तिथे लाख जन्मांमागे सुमारे १७० माता दगावत होत्या. त्या डिसेंबरात राजवट कोसळताच हुकूम रद्द झाला आणि पुढच्याच वर्षी हे प्रमाण निम्म्यावर आले. एका वर्षात डॉक्टर बदलले नव्हते, इस्पितळे बदलली नव्हती. कायदा तेवढा बदलला होता.

पोलंडने हे सारे डोळ्यांदेखत असताना उलटी वाट धरली. २२ ऑक्टोबर २०२० रोजी घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भातल्या गंभीर व्यंगाच्या कारणाने होणारे गर्भपातही घटनाबाह्य ठरवले. तिथले बहुतेक सारे कायदेशीर गर्भपात याच कारणाने होत. वर्षभराच्या आतच, सप्टेंबर २०२१ मध्ये, प्श्चिना गावच्या इस्पितळात २२ आठवड्यांची एक गर्भवती पाणी गेल्यावर जंतुसंसर्गाने मेली. डॉक्टर गर्भाचे ठोके थांबण्याची वाट पाहत आहेत, असे ती मोबाइलवरून आईला कळवत होती. गॉलवेत जे घडले, तेच नऊ वर्षांनी घडले.

आयर्लंडमध्ये नागरिकांच्या सभेने महिनोन्‌महिने डॉक्टर, वकील आणि स्वतः त्यातून गेलेल्या स्त्रियांचे म्हणणे ऐकले आणि आठवी दुरुस्ती जशीच्या तशी ठेवू नये अशी शिफारस केली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती हटवण्यास मान्यता दिली. मतदानासाठी माणसे परदेशांतून विमानाने परतली. सविताच्या वडिलांनीही बेळगावहून बदलाच्या बाजूने मत देण्याचे आवाहन केले होते. फक्त डोनेगल मतदारसंघाने विरोधात कौल दिला.

१ जानेवारी २०१९ पासून पहिल्या १२ आठवड्यांत गर्भपात मागणीनुसार मिळू लागला, पण बाईने तीन दिवस थांबून फेरविचार करावा, ही अट घातली गेली. विचार करूनच दारात आलेल्या प्रौढ बाईला हे सांगणे अवमानकारक आहे. लांबच्या गावातून दोनदा यायला लावणे तर निव्वळ छळ. १२ आठवड्यांनंतर जिवाला किंवा प्रकृतीला गंभीर धोका हवा, नाहीतर बाळ जन्मापूर्वी किंवा जन्मानंतर २८ दिवसांच्या आत दगावेल असे दोन डॉक्टरांनी लिहून द्यायला हवे. कोणता डॉक्टर दिवस मोजून असे लिहून देईल? ज्यांना तसे लेखी मिळत नाही, त्या आजही इंग्लंडचे विमान गाठतात. कायद्याच्या चौकटीबाहेर मदत करणाऱ्या डॉक्टरला १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तीन दिवसांची सक्ती ऐच्छिक करावी आणि डॉक्टरांवरची फौजदारी तलवार काढावी, असे २०२३ च्या स्वतंत्र आढाव्याने सुचवले आहे. ते डब्लिनच्या संसदेने मान्य करावे, आणि वॉर्सा येथील संसदेने २०२० च्या निकालाने हिरावलेला हक्क स्त्रियांना परत द्यावा.