महूचा समुद्र

मुंबई-पुण्याची मंडळी शनिवारी कॅम्परव्हॅन काढून रविवारी कोकणातून परततात. महूकरांनी तो हट्ट धरला, तर सुट्टी रस्त्यातच संपेल. अरबी समुद्र काही माळव्याच्या दाराशी नाही. पण नर्मदामाई आहे ना! मंडलेश्वरच्या रस्त्याला लागलं, की विंध्याच्या कड्यावर अहिल्याबाईंच्या काळातला, १७९१ सालचा जाम दरवाजा लागतो. घाट उतरताच माळव्याची गार हवा मागे राहते आणि निमाडचं ऊन अंगावर येतं. पुढे महेश्वर, होळकरांची जुनी राजधानी. गाडीतच झोपा, गाडीतच चहा उकळा. पण सांडपाणी नर्मदेच्या घाटावर सोडू नका. त्याच काठाने परिक्रमावासी चालतात आणि तेच पाणी तीर्थ म्हणून पितात.